सांत्वन टेबलाचे नियम

३ मार्च, सोमवार

साहेबांनी बोलावलं. ऑफिसात एआय येणार. म्हणजे आलेलंच आहे, सगळे चोरून वापरतातच. पण आता ते जबाबदारीने वापरायचं असं वरून आलंय आणि त्याचे नियम हवेत. नियम कोण करणार, तर मी. साहेब म्हणाले, ताई, तुम्ही वाचणाऱ्या, तुमची नजर बारीक. मी नको नको म्हटलं, पण फार वेळ नाही.

कमिटीत तिघं. साहेब, मी आणि कॉम्प्युटरवाला वायर. गळ्यात सदा कुठली तरी वायर असते म्हणून वायर. साहेबांना वेळ नसतो आणि वायरला बोलायची सवय नाही. म्हणजे कमिटी मीच.

संकल्प: महिन्याच्या आत नियम तयार. सोपे, कडक, कुणाला पळवाट नाही.

४ मार्च

कमिटीचं काम म्हणून ही वही. तेव्हा मुळापासून लिहिते.

आमचं विम्याचं ऑफिस. घरचं माणूस गेलं की लोक दावा करतात, आणि त्यांना उत्तर जातं ते आमच्या टेबलावरून. बाकीचे लोक त्याला सांत्वन टेबल म्हणतात. चेष्टेने म्हणतात, मी कळल्याचं दाखवत नाही. ह्यांनी हे टेबल वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळलं. दुसरा कुणी तिथे टिकला नाही. हे गेले आणि साहेबांनी ती खुर्ची मला दिली. माझी शाळा आठवीला सुटली. पुढचं सगळं ह्यांच्या कपाटातल्या आणि लायब्ररीतल्या पुस्तकांतून झालं. त्यामुळे माणसाने लिहिलेलं वाक्य मला बरोबर कळतं. ते शिकवून येत नाही.

ह्यांची पत्र लिहायची पद्धत होती. आधी गेलेल्या माणसाविषयी चार शब्द. मग एक ओळ कोरी. मग दाव्याचं. म्हणायचे, ओळ सोडली की वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा राहते.

मला त्यांनी कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहायचो, गरजच काय.

हे गेल्यावर ऑफिसचं पत्र मलाही आलं. त्यात ओळ सोडलेली नव्हती. सोडणाराच गेला होता.

१० मार्च

टेबलावर माझ्या हाताखाली दोघं आहेत, दोघंही प्रोबेशनवर. जूनमध्ये एकालाच कायम करणार, दुसऱ्याने घरी जायचं. कुणाला ठेवायचं हे माझ्या शिफारशीवर आहे. साहेबांनी आज ते पुन्हा बजावलं.

एक टाय. उन्हाळ्यातही टाय लावून येतो. मला मावशी म्हणतो. येता-जाता पाणी हवं का, पंखा वाढवू का.

दुसरी नवी. सहा महिने झाले तरी नवीच म्हणतात, कारण कुणात मिसळत नाही. मला मॅडम म्हणते. मान खाली घालून खटखट टाईप करते. घरी आई आणि ती, दोघीच. तिच्याच पगारावर चालतं. हे मला माहीत आहे, पण शिफारस करताना असल्या गोष्टी मध्ये आणायच्या नाहीत असं ठरवलं आहे.

१४ मार्च, शुक्रवार

नियमांचा पहिला ड्राफ्ट झाला. यंत्र वापरलं तर तसं सांगावं. कुणाचं नाव, सही, आजार, पत्ता यंत्रात घालू नये. दरवेळी कशासाठी वापरतोय तो हेतू लिहावा. शेवटचा, पाचवा: पाठवण्याआधी माणसाने पूर्ण वाचावं. आणि त्याच्या आधीचा नियम चार, जो माझा खरा नियम: माणूस गेलेल्या घरी जाणारं पत्र माणसानेच लिहावं.

साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. म्हणाले, चांगलंय, चार नंबर जरा कडक आहे. मी म्हटलं, तो कडकच आहे.

त्यांचा फोन वाजला. पण त्यांना पटलं आहे.

२१ मार्च

आठवडाभर एका वाक्यावर बसले होते. यंत्राच्या पत्राखाली काय लिहायचं ते. आज जमलं:

हे पत्र यंत्राच्या मदतीने लिहिले आहे. वाचले माणसाने आहे.

वायर म्हणाला, हे वाक्य मी यंत्रातच बसवतो, ताई, पत्र निघालं की खाली आपोआप येईल. माझं वाक्य प्रथमच छापलं जाणार.

संध्याकाळी नणंदेला वाचून दाखवलं. ती खालच्याच मजल्यावर राहते. भाजी निवडत ऐकलं तिने. म्हणाली, वहिनी, वाक्य चांगलंय, पण खाली सही कुणाची? मी म्हटलं, सही कशाला, वाक्य आहे ना. ती म्हणाली, बघ बाई, तुम्ही दोघं नवरा-बायको लोकांच्या घरची पत्रं लिहिण्यात हुशार. दादाने आईला कधी दोन ओळी टाकल्या नाहीत.

तिला वाचनाची आवड नाही. तिच्याशी असल्या गोष्टी बोलायच्या नाहीत, हा संकल्प.

२ एप्रिल, बुधवार

वायर जुन्या कपाटाची किल्ली मागायला आला. त्या कपाटात ह्यांच्या पत्रांच्या प्रती आहेत, सगळ्या. म्हणाला, स्कॅन करायच्या आहेत, नमुना म्हणून लागतील.

नमुना! आज इतक्या वर्षांनी कुणाला तरी कळलं. मी स्वतः कपाट उघडून दिलं. गठ्ठ्यांवरची धूळ पदराने पुसली. वायर म्हणाला, राहू द्या ताई, मशीनला धुळीचं काही नसतं. मी म्हटलं, मला असतं.

त्याला एवढंच बजावलं की नियम पाळ. लोकांची नावं-पत्ते बाहेर जाता कामा नयेत. तो म्हणाला, तुमचा नियम दोन मला पाठ आहे.

कशासाठी नमुना हे विचारायचं राहिलं. जपून ठेवण्यासाठीच, दुसरं कशाला.

९ एप्रिल

नियम वरून तपासून आले. नियम चारमध्ये एकच शब्द घातलाय. माणूस गेलेल्या घरी जाणारं पत्र शक्यतो माणसानेच लिहावं.

आधी राग आला. मग चहा प्यायले आणि विचार केला. शक्यतो हा शब्द नीट पाहिला तर जास्तच कडक आहे. शक्य असताना टाळलं तर गुन्हाच झाला ना. वायरला हे समजावून सांगितलं. त्याने मान हलवली आणि वायर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

१७ एप्रिल, गुरुवार

नवीशी खटका उडाला. तिच्या पत्रात ओळ सोडलेली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे तिने दाव्याचं उत्तर पहिल्याच वाक्यात टाकलं होतं. तुमचा दावा मंजूर झाला आहे. मग खाली सांत्वन.

मी म्हटलं, हे काय, माणूस गेलंय आणि तू हिशेबापासून सुरुवात करतेस? ती म्हणाली, मॅडम, त्या घरात सगळे तेवढंच शोधत असतात. मिळणार की नाही. ते कळलं की मग रडता येतं.

मी म्हटलं, सगळी घरं सारखी नसतात. ती म्हणाली, नसतील, पण सगळ्यांच्या घरी वाणी उधारी मागायला सारखाच येतो.

उर्मटपणा. हे गेल्यावर मला आलेल्या पत्रातसुद्धा मी आधी आकडा शोधला होता असं तिला वाटत असेल तर ते चूक आहे. पत्र मी मधूनच वाचायला घेतलं होतं, पण चष्मा सापडत नव्हता म्हणून. आकडे मोठ्या अक्षरांत होते.

तिला ओळ सोडायला लावली. सोडली. मान वर केली नाही.

२८ एप्रिल, सोमवार

आज टायचं एक पत्र सहीला आलं आणि मी टेबलावरच रडले. एका म्हाताऱ्या बाईचा नवरा गेलाय. टायने लिहिलंय: आधी त्यांची जागा घरभर रिकामी दिसेल, मग हळूहळू फक्त सकाळच्या वेळी दिसेल. आणि खाली एक ओळ कोरी.

हेसुद्धा असंच काहीतरी लिहायचे.

टायने ह्यांना कधी पाहिलेलं नाही. म्हणजे हे सगळं माझ्यातून त्याच्यात झिरपलंय. मी त्याला विचारलं, कुठून सुचलं रे? तो लाजला. म्हणाला, मावशी, तुमच्याच टेबलावरचं आहे सगळं.

इतका नम्र मुलगा. पाठवण्याआधी पुन्हा एकदा वाचलं, नियमाप्रमाणे. मग आणखी एकदा, नियम नसताना.

६ मे, मंगळवार

सगळ्या ऑफिसला नियम समजावून सांगायचं ट्रेनिंग घेतलं. मोठी खोली, खुर्च्या कमी पडल्या. म्हणजे मागच्या रांगेतल्या भरल्या होत्या, पुढच्या मोकळ्या होत्या.

यंत्राचं लिहिलेलं कसं ओळखावं ते सांगितलं. वाक्यं फार नीट. खाडाखोड नाही. अडखळणं नाही. काळजी दाखवतं, पण काळजीची जागा चुकते. माणसाचं लिहिलेलं मात्र लगेच पोचतं. उदाहरण म्हणून टायचं पत्र मोठ्याने वाचलं, नाव वगळून. एकीने डोळे पुसले. टाय बूट बघत बसला होता. मी म्हटलं, असं लिहायला यंत्राला सात जन्म लागतील. टायला खोकल्याची उबळ आली, बाहेर गेला.

नवी शेवटच्या रांगेतून माझ्याकडे बघत होती.

शेवटी अकाउंट्सवाल्याने हात वर केला. म्हणाला, मी तुमचे नियम यंत्रात टाकून तीन ओळींचा सारांश काढलाय, सगळ्यांना पाठवू का? तोवर पाठवलाही होता. लोक सारांश वाचत उठले. सारांशात नियम चार नव्हता. तो एवढा मोठा आहे की तीन ओळींत मावणं शक्यच नव्हतं.

साहेब म्हणाले, उत्तम झालं. ते शेवटची पाच मिनिटं होते.

१५ मे, गुरुवार

हे लिहायला नको वाटतंय, पण कमिटीची जबाबदारी आहे.

नवी यंत्र वापरते. पुरावा नाही, पण मला पुराव्याची गरज नाही. तिची पत्रं एकासारखं एक. छोटी वाक्यं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. रडू येईल असं काहीच नाही. आणि एवढ्या वेगाने माणूस दुःखाविषयी लिहूच शकत नाही.

तिला बाजूला घेऊन सांगितलं, वापरलंस तर वापरलंस म्हण, नियम एक तेवढंच सांगतो. ती म्हणाली, मी नाही वापरलं. मी म्हटलं, मला कळतं. ती म्हणाली, काय कळतं मॅडम? मी म्हटलं, वाक्यात माणूस दिसत नाही. ती म्हणाली, मी मुद्दाम दिसू देत नाही. पत्र त्यांचं आहे, माझं नाही.

पाठ केल्यासारखं उत्तर. तेही यंत्राला विचारून आली असेल.

पुढे म्हणाली, मॅडम, शिफारशीत हे लिहिणार का? मला या नोकरीची गरज आहे. मी म्हटलं, जे खरं ते लिहीन.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. ऊन फार आहे.

२३ मे

नियम पुन्हा वर गेले होते, पुन्हा आले. शक्यतो काढून टाकलंय. मला वाटलं जिंकले. मग पुढचं वाचलं. माणूस गेलेल्या घरी जाणारं पत्र माणसाने पाहावं.

साहेबांना विचारलं, लिहावं कुठे गेलं? ते म्हणाले, ताई, पाहावं मध्ये सगळं येतं. आणि तुमचा एकही नियम आम्ही काढलेला नाही, नंबर तेवढेच आहेत की. मोजून पाहिलं. तेवढेच आहेत. हे खरं आहे.

२ जून, सोमवार

शिफारस दिली. टाय कायम व्हावा. कारण: पत्रात माणूस दिसतो. नवीविषयी: नियम एकचा भंग असावा असे वाटते. आधी असावा लिहिलं नव्हतं. न्याय म्हणून घातलं.

पाकिटावर डिंक लावताना ह्यांची आठवण आली. हेही पाकीट बंद करून तळहाताने दाबायचे. थोडा वेळ हात तसाच ठेवायचे.

५ जून

ऑर्डर निघाली. टाय कायम. नवीचा शेवटचा दिवस पुढचा शुक्रवार. टायने पेढ्यांऐवजी केक आणला. नवीने घेतला, कागदात गुंडाळून ठेवला. घरी न्यायला असेल.

माझ्याकडे बघून ती नीट बोलली. आज पंखा नको असेल तर कमी करते, म्हणाली. मला ते फार लागलं. का ते सांगता येत नाही.

९ जून, सोमवार, दुपारी

डबा उघडत होते तेवढ्यात वायर आला. एवढा खुशीत त्याला कधी पाहिला नव्हता. खुर्ची ओढून बसला. म्हणाला, ताई, ट्रेनिंगमध्ये तुम्ही टायचं पत्र वाचलंत, त्याच दिवशी मला कळलं की नमुना बरोबर बसलाय.

मी म्हटलं, कसला नमुना?

तो म्हणाला, काकांची पत्रं हो. सगळी घातली यंत्रात. ते आता त्यांच्यासारखंच लिहितं, ओळसुद्धा सोडतं. टाय सगळी पत्रं त्यातूनच काढतो. शेवटची ओळ तेवढी खोडतो.

शेवटची ओळ म्हणजे माझं वाक्य.

मी म्हटलं, ह्यांची पत्रं? ह्यांना न विचारता? तो गोंधळला. म्हणाला, आता त्यांना कसं विचारणार, ताई? आणि तुमच्या नियम दोनप्रमाणेच केलं. नावं काढली, पत्ते काढले, आजार काढले. काकांच्या सह्यासुद्धा एकेक करून पुसल्या. त्यालाच जास्त वेळ लागला.

मी विचारलं, आणि नवी? तो म्हणाला, तिने एकदाही उघडलेलं नाही. मला वाटलं तिला पासवर्ड द्यायचा राहिला की काय. विचारलं तर म्हणाली, आहे माझ्याकडे, नको आहे.

डबा तसाच बंद केला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

शांतपणे विचार केला. मी चुकले असं नाही. मी म्हटलं होतं की टायच्या पत्रात माणूस दिसतो, आणि तो होताच. कुठला ते तेवढं कळलं नाही. आणि नवी यंत्रासारखं लिहिते हेही खरंच आहे. फक्त ती स्वतः लिहिते.

उद्या सकाळी पहिलं काम: साहेबांकडे जायचं, शिफारस मागे घ्यायची. शुक्रवारच्या आत सगळं होऊ शकतं. एका कागदाचं काम.

१० जून

साहेबांकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, बसा ताई, तुमच्याच विषयी बोलत होतो. वायरने त्यांना सगळं सांगितलंय. ते रागावले नाहीत, उलट हसत होते. म्हणाले, तुमच्यासारखीला ओळखता आलं नाही, म्हणजे यंत्र पास झालं. वरचे लोक फार खुश आहेत. घराघरांतून आभाराची पत्रं येतायत.

मी म्हटलं, पण नवी. ते म्हणाले, तेच सांगतोय, आता टेबलावर एकच माणूस पुरतो. तो कायम झालाय. आणि ताई, असावा असे वाटते हे तुमच्याच अक्षरात आहे. आता तुम्ही नसावा म्हणालात तर लोक म्हणतील बाईंना काही कळत नाही. मग तुमच्या नियमांचं काय?

मग त्यांनी मला पद दिलं. जबाबदार वापर समन्वयक. दारावर पाटी लागेल. मी आभार मानले, सवयीने.

नवीचा विषय पुढे न्यायला आजची वेळ बरी नव्हती. गुरुवारी साहेब मोकळे असतात.

१२ जून, गुरुवार

साहेब बाहेरगावी.

१३ जून, शुक्रवार

नवीने टेबल पुसून दिलं. पेनं परत केली, पिना रंगांप्रमाणे लावून ठेवल्या. मी म्हटलं, तू यंत्र वापरलं नव्हतंस ते मला कळलंय. ती म्हणाली, हो का.

मी म्हटलं, मी साहेबांशी बोलले. हे खोटं नाही, बोलले होते.

मग ती पर्स खांद्याला लावून उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, एक सांगायचं होतं. बाबा गेले तेव्हा याच ऑफिसचं पत्र आलं होतं आमच्याकडे. फार सुंदर पत्र होतं. बाबांच्या चपलांविषयी काहीतरी लिहिलं होतं, की दारातून त्या लगेच हलवू नका. आई ते रोज वाचायची आणि रडायची. पहिल्या पानाखाली जागा सोडलेली होती. आईला वाटलं पत्र तिथेच संपलं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की दावा मंजूर आहे, अमुक तारखेच्या आत सही करून पाठवा. आईने ते पान उलटलं तेव्हा तारीख केव्हाच गेली होती. म्हणून मी उत्तर आधी लिहायचे.

मी विचारलं, मग पैसे? ती म्हणाली, नाही मिळाले. म्हणून तर नोकरीची गरज होती.

बाबा कधी गेले ते तिने सांगितलं. तेव्हा हे टेबलावर होते.

ते पत्र कुणी लिहिलं असेल कोण जाणे. त्या काळात या टेबलावर बरेच लोक येऊन-जाऊन असत.

ती गेली. केक खणातच राहिला होता, कागदात. तिने न्यायला हवा होता.

१६ जून

नवी जागा मिळाली. जुन्या कपाटाशेजारी. पाटी आली आहे, भिंतीला टेकवून ठेवली आहे; खिळा ठोकणारा रजेवर. कपाट रिकामं आहे. स्कॅन झाल्यावर गठ्ठे रद्दीत दिले, वायर म्हणाला, आता मशीनमध्ये आहेतच की. मी फडताळं पुसून घेतली. एका कोपऱ्यात टाचणी सापडली, ह्यांची असेल. ठेवून दिली.

काम: लोक नियम पाळतात की नाही ते पाहणे. अजून कुणी आलं नाही.

नणंदेने विचारलं, वहिनी, नवं पद कसंय? मी म्हटलं, मोठी जबाबदारी आहे. ती म्हणाली, हाताखाली किती माणसं? मी म्हटलं, आमटी उतू जातेय, बघ.

संकल्प: नवीला पत्र लिहायचं. हाताने. उत्तर आधी, बाकी मग.

२४ जून

पत्राला सुरुवात केली. पहिलं वाक्य उत्तराचं हवं. उत्तर काय, ते अजून ठरत नाहीये. कागद ठेवून दिला. घाई करून उपयोग नाही, असली पत्रं पिकावी लागतात.

३० जून, सोमवार, दुपारी

ऑफिस जेवायला गेलेलं. समन्वयकाने यंत्र स्वतः तपासलेलं नसणं बरोबर नाही. म्हणून उघडलं.

हेतूची चौकट आली. माझ्याच नियमाने आलेली, भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. लिहिलं: तपासणी.

खाली लिहिलं, एका बाईचा नवरा गेला आहे. तोच दुसऱ्यांच्या घरी अशी पत्रं लिहायचा. तिला कधी लिहिलं नाही. तिला पत्र लिहा. नाव घातलं नाही, आजार घातला नाही. नियम पाळून केलं सगळं.

त्याने लिहिलं. चपलांविषयी नव्हतं, पाकिटांविषयी होतं. हात थोडा वेळ दाबून ठेवण्याविषयी. ते त्याला कुठून कळलं असेल, पत्रांत तर ते नसणार. की हे कधी कुठल्या घरी लिहून गेले होते, मला माहीत नाही.

मग एक ओळ कोरी होती.

कोऱ्या ओळीखाली दावा नव्हता, कारण मी सांगितलाच नव्हता. सही नव्हती. सहीच्या जागी माझं वाक्य होतं. वाचले माणसाने आहे.

माणसं जेवून परतायला लागली. जिन्यात टायचा आवाज आला. प्रिंट काढायची तर लवकर काढायला हवी होती.

शेवटची ओळ तेवढी खोडली.